सांगून जा

घट बसले. पावसाचा जोर ओसरला. धरण काठोकाठ भरलंय आणि सकाळी पाण्यावर धुकं उतरतंय. उताराच्या रानात खुरासणी पिवळी झाली. खाचरात लोंब्या वाकल्या. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल. भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा घालून बसलेल्या आपल्या या सगळ्या गावांत सध्या एकच विचारणा चालू आहे. तुमची कापणी कधी?

घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे हे सहा आठवडे. आपल्याकडे सगळं याच दिवसांत येतं. कळसूबाईची यात्रा, कोजागिरी, भाताची कापणी, वाघबारस, दिवाळी. त्यात शहरातून येणारे पाहुणे. माणूस घाईत असतो, पाणी भरलेलं असतं, गवत कमरेएवढं असतं. नको ते नेमकं याच दिवसांत घडतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातून निघाल तेव्हा सांगून निघा. कुठे चाललात आणि कधी परत येणार, एवढंच. घरात कोणी नसेल तर शेजारी सांगा. आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. त्या 'येतो'ला वेळ जोडा. 'वरच्या खाचरात चाललोय, दिवे लागायच्या आत येतो.' दिवे लागले आणि माणूस आला नाही, की शेजारच्याने उठायचं. उगाच काळजी करतात असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या.

आता एकेक सांगतो.

कापणी सावडीने करा. आज तुमचं, उद्या माझं. काही वाड्यांत हल्ली पैसे देऊन मजूर लावतात. त्याला माझी ना नाही. पण एकट्याने खाचरात उतरू नका, मग ते खाचर दोन गुंठ्यांचं का असेना. सावडीत चार माणसं असली की काम उरकतं, आणि एकाला काही झालं तर तिघे हाताशी असतात.

भात पिकलं की उंदीर येतात. उंदरामागे साप येतात. त्यांचा काही दोष नाही, पण आपला हात खाली असतो आणि नजर लोंबीवर. म्हणून पायात गमबूट घाला. नसतील तर जुने बंद बूट चालतील. अनवाणी नको. कापायच्या आधी काठीने पीक हलवा, पायांनी धप धप आवाज करा. बांधावर दोन दिवस पडून असलेला भारा थेट कवेत घेऊ नका. आधी काठीने उलटा करा, मग उचला. बाया-माणसं भारा डोक्यावर घेतात, त्यांनी तर नक्कीच.

रात्रीची गोष्ट वेगळी. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावलेलं कळतही नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घशाखाली पाणी उतरत नाही. घरचे म्हणतात, काल दमला होता, काहीतरी बाधलं असेल. त्या म्हणण्यात दोन तास जातात. कापणीच्या दिवसांत सकाळी उठल्यावर कोणाच्या पापण्या मिटू लागल्या किंवा बोलणं जड झालं, तर दुसरा विचार करू नका. दवाखाना गाठा.

शक्य असेल तर खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचा. खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर सापालाही बाहेर ठेवते. खळ्यावर राखणीला झोपणाऱ्याने हे आधी करायचं.

चावलाच तर काय करायचं, ते घरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असू द्या. माणसाला आडवं करा, चालवू नका. हातातलं कडं, अंगठी, पायातलं जोडवं लगेच काढा, कारण सूज चढली की ते निघत नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधा, म्हणजे हलणार नाही. ब्लेडने चीर देऊ नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. साप मारायला मागे धावू नका, दवाखान्यात मेलेला साप लागत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते. १०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर गावातली जीप काढा.

आणि हे आजच करा, चावायची वाट बघू नका. आपल्या जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात सापाची लस आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, ते आशाताईंना विचारून ठेवा. पहिल्या दवाखान्यात लस नाही म्हणून पुढच्याला पाठवलं, असं व्हायला नको. त्या धावपळीची किंमत रोग्याला मोजावी लागते. कोणाची जीप रात्री मिळेल तेही ठरवून ठेवा. ज्याची जीप असेल त्याला डिझेलचे पैसे सगळ्यांनी मिळून द्यायचे, हेही आधीच बोलून घ्या. पैशाचं बोलायला संकोच वाटतो, पण तो संकोच मध्यरात्री फार महाग पडतो.

भगताकडे जायचं असेल तर जा. माझं काही म्हणणं नाही. लस टोचून माणूस घरी आला की मग जा.

परतीचा पाऊस दुपारनंतर येतो आणि विजा घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की विळा ठेवा आणि पक्क्या घरात या. चारचाकी जवळ असेल तर आत बसून काचा लावा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका. शेतातलं छपर पाऊस अडवतं, वीज अडवत नाही. काहीच जवळ नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसा आणि एकमेकांपासून लांब बसा. पुण्याच्या हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर ते फोनवर सांगतं. घरातल्या मुलाकडून उतरवून घ्या.

कापून ठेवलेलं भात भिजलं तर वर्षाची मेहनत जाते. तेव्हा सांजेपर्यंत जेवढं उचलता येईल तेवढंच सकाळी कापा. भिजलंच तर पेंढ्या उभ्या करून वाळवा, ढीग घालू नका, आतून तापतं. फोटो काढा आणि तलाठ्याला त्याच दिवशी कळवा. बियाण्याचं भात मात्र सगळ्यात आधी काढून घरात आणा. काळभात, जिरवेल ही आपली वाणं एकदा घरातून गेली की दुकानात मिळत नाहीत. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, ती असं घरचं बी जपलं म्हणून. एका शेजाऱ्याकडे पसाभर बी ठेवायला द्या. तुमच्या घरात उंदीर लागला तरी त्याच्याकडचं राहील.

आता पाण्याबद्दल. इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

हे धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. अकरा टीएमसी पाणी त्यात मावतं. आपण त्याच्या काठावर जन्मलो म्हणून ते आपल्याला ओळखीचं वाटतं. पण फुगवट्याखाली काय आहे ते आठवा. जुनी खाचरं आहेत, त्यांचे बांध आहेत, ओढ्यांचे खोल घळ आहेत. दोन पावलं गुडघाभर पाणी लागतं आणि तिसऱ्या पावलाला तळ लागत नाही. काठाचा गाळ वरून सुकलेला दिसतो, आत पाय रुतला की निघत नाही. दर महिन्याला पाण्याची पातळी बदलते. गेल्या उन्हाळ्यात जिथे तुम्ही म्हशी धुतल्या, ती जागा आज कुठे आहे ते सांगता येणार नाही.

पाहुण्यांना तर यातलं काहीच माहीत नसतं. त्यांना निळं, शांत पाणी दिसतं. ते गाडीतून उतरतात आणि कपडे काढून उडी मारतात. त्यांना अडवणं आपलं काम आहे. रागावून नाही. 'दादा, इथे पोहू नका, खाली खड्डा आहे,' एवढं म्हणा. दारू प्यायलेला असेल तर वाद घालू नका, त्याच्याबरोबरच्या शुद्धीतल्या माणसाशी बोला. नाही ऐकलं तर ११२ ला फोन करा. पाहुणा चिडून गेला तर चालेल.

प्रत्येक वाडीने एक काम करावं. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन घ्या. प्लास्टिकचा. त्यात चार बोटं पाणी घाला आणि झाकण घट्ट लावा. रिकामा कॅन वाऱ्याने उडतो, थोडं पाणी असलं की फेकल्यावर नेम लागतो. त्याच्या मुठीला पन्नास फूट नायलॉनची दोरी बांधा. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मनगट जाईल असा फासा ठेवा. हे सगळं गुंडाळून काठावरच्या झाडाला किंवा खांबाला हाताला येईल असं टांगा. लाल रंग मारा. मुलांना सांगा की हा खेळायचा कॅन नाही. मी आमच्या वाडीच्या पायवाटेवर असा एक बांधलाय. दोनदा दोरी चोरीला गेली, तिसऱ्यांदा पुन्हा बांधली. आता कोणी नेत नाही.

कोणी बुडत असेल तर त्याच्यामागे उडी मारू नका. पोहता येत असलं तरी नको. बुडणारा माणूस धरतो तो मिठीच घालतो, आणि दोघं जातात. बापामागे मुलगा, भावामागे भाऊ अशी माणसं गेलेली आपण ऐकतो. ओरडून लोक जमवा. आडवे पडून काठी पुढे करा. साडी, धोतर, जे हाताशी असेल ते फेका. आणि तो कॅन फेका, माणसाच्या पलीकडे, मग दोरी ओढून त्याच्या हाताशी आणा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका. पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास चालू आहे का ते पाहा. नसेल तर डोकं मागे करा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने पाच वेळा श्वास भरा. मग छातीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात, भराभर दाबा. तीस वेळा दाबायचं, दोन वेळा श्वास द्यायचा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. दमलात तर दुसऱ्याने हात ठेवायचा. उलटी झाली तर माणसाला कुशीवर वळवा. आणि जो खोकत खोकत उठून बसला, 'मी बरा आहे' म्हणाला, त्यालाही दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. श्वास देणं आणि छाती दाबणं वाचून येणार नाही. आरोग्यसेवकांना गावात बोलवा आणि उशीवर करून घ्या. मुलींना आणि बायांना पुढे बसवा, दिवसा गावात त्याच असतात.

जाळं टाकायला जाणाऱ्यांनो, ट्यूबवर बसून जात असाल तर अंगात लाइफ जॅकेट घाला. पहाटेचं धुकं दाट असलं की काठ दिसत नाही. निघताना कोणत्या कोपऱ्याला जाळं लावणार ते घरी सांगा.

धरणाच्या खालच्या अंगाला, रंध्याकडे, नदीच्या पात्रात कपडे धुणं आणि पोरांनी डुंबणं असतंच. वरून पाणी सोडलं की आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. पाणी सोडणार असल्याची खबर ग्रामपंचायतीकडे आली की ती फलकावर लिहून थांबू नका. भोंग्यावर सांगा, घराघरात पोचवा.

काठावर तंबू लावून पाहुणे ठेवणाऱ्या घरांशी मला वेगळं बोलायचंय. तुमच्यामुळे गावात चार पैसे येतात, पोरं गावात राहतात. ते चांगलंच आहे. पण कार्तिकातली थंडी तुम्हाला माहीत आहे, पाहुण्याला नाही. रात्री दोनला तो कुडकुडत उठतो आणि बाहेरची कोळशाची शेगडी उचलून तंबूत घेतो. तंबूची चेन लावून झोपतो. निखाऱ्यातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, धूर नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. शेकोटी मोडल्यावर शेगडीवर पाणी ओता आणि ती तुमच्या ओट्याखाली नेऊन ठेवा. पाहुण्याला जादा घोंगडी द्या. घोंगडीचं भाडं घेऊ नका. घरातल्या बाळंतिणीच्या खोलीतही हेच. शेगडी असेल तर खिडकी उघडी.

पाहुण्याच्या तंबूपासून पाण्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर रात्री दोरी आडवी बांधा. त्याचा एक फोन नंबर लिहून घ्या, घरच्या माणसाचा. त्याला म्हणा, कुठे चाललात ते सांगून जा. आपल्या मुलाला म्हणता तसंच.

कळसूबाईला जाणाऱ्यांना फार सांगायला नको, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या जाता. शिखर १६४६ मीटर उंच आहे. बारीतून पहाटे निघा, उन्हाच्या आत उतरायला लागा. शिडीवर एका वेळी एक. गुडघे दुखणाऱ्या आजीने पायथ्याच्या देवळात ओटी भरली तरी आईला पोचते.

वाघबारसेला आपण वाघोबाला खीर दाखवतो. गुरं राख, पोरं राख म्हणतो. आपली गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कुशीत आहेत. अभयारण्य १९८६ सालचं, बिबट्या त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. दिवस लहान होत चाललाय, अंधार लवकर पडतो. अंधारात बाहेर जाताना बॅटरी घ्या, दोघं मिळून जा, बोलत जा. वाकून बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, म्हणून पहाटे एकट्या बाईने किंवा लेकराने झुडपाआड बसणं धोक्याचं आहे. घरचं शौचालय लाकडं ठेवायला वापरत असाल तर ती लाकडं आज काढा. शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी मारा. बिबट्या दिसला तर मोबाइल काढून मागे लागू नका. वनखात्याचा फोन १९२६ आहे. आपलं धरण पुरं झालं तेच साल. लक्षात ठेवायला सोपं.

धरणाला फिरणाऱ्या रस्त्यावर दिवाळीत गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी गुरं याच रस्त्याने परततात. पुढच्या आणि मागच्या जनावराच्या शिंगांना चमकणारी पट्टी गुंडाळा. सायकलच्या दुकानात मिळते. शाळेतून येणाऱ्या पोरांच्या दप्तरालाही एक तुकडा लावा. पेंढ्याची उडवी घरापासून आणि रस्त्यापासून दूर रचा. फटाके उडवायचेच तर काठावरच्या मोकळ्या जागेत, बादलीभर पाणी शेजारी ठेवून.

शेवटी घरातल्या थकल्या माणसांचं. दिवाळी झाली की आपली कितीतरी घरं बंद होतात. भात घरात आलं की माणसं नारायणगावकडे मजुरीला निघतात. कोणी जोडीने जातं, कोणी लेकरं घेऊन. मागे म्हातारी माणसं राहतात. आजी म्हणते, माझं काय, मी राहीन. ती राहते. पण तिच्या बीपीच्या गोळ्या कधी संपतात आणि चुलीला लाकूड कोण फोडून देतं, हे कोणी ठरवून ठेवत नाही.

निघायच्या आधी तीन घरं करा. शाळेत जाऊन गुरुजींना सांगा, म्हणजे मुलाचं नाव कटणार नाही आणि तिकडच्या शाळेत त्याला बसता येईल. आशाताईंना सांगा, घरात गरोदर बाई किंवा लसीचं बाळ असेल तर नक्की. आणि शेजारी जा. नुसतं 'आजीकडे बघा' म्हणू नका, ते कोणाच्याच अंगावर पडत नाही. 'काकू, सकाळी तिची चूल पेटली का ते बघाल का?' असं विचारा. काकू आपल्या ओट्यावरून रोज सकाळी आजीच्या कौलांकडे बघतात. धूर दिसला की आपल्या कामाला लागतात. नाही दिसला तर हाक मारतात. गोळ्यांचं पाकीट काकूंना दाखवून ठेवा, मजुरीच्या ठिकाणचा फोन नंबर भिंतीवर खडूने मोठा लिहा.

जे मागे राहणार आहेत, त्यांनी कोणी सांगायची वाट बघू नका. आज संध्याकाळी घटाला माळ चढवून झाली की शेजारी जाऊन बसा. तुमच्याकडून कोण कोण जाणार, कधी जाणार, घरात कोण राहणार, ते विचारा. आणि येताना त्यांच्याकडचा तेलाचा रिकामा कॅन मागून आणा.